झोपाळ्याच्या कड्यांना इंजिन

आमच्या अलीगंजच्या घराच्या पोर्चमध्ये एक झोपाळा आहे. लखनौत अशी झोपाळ्याची घरं फारशी नाहीत, त्यामुळे कुणी पत्ता विचारत आलं की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सांगतो, "वो झूले वाली मैडम? सीधे चले जाइए." घर बांधताना स्लॅबमध्ये कड्या टाकायचा हट्ट माझा होता. त्या किती जाड असाव्यात हा हिशोब मात्र नवऱ्याचा. पीएच.डी. करून इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांचा जन्म गेला, तेव्हा साध्या झोपाळ्यासाठीही त्यांनी अशी काही आकडेमोड केली की ठेकेदार म्हणाला, "साहब, हाथी झूलेगा क्या?"

हत्ती काही झुलला नाही. पण गेल्या नवरात्रात त्याच कड्यांना आमच्या गाडीचं इंजिन लटकत होतं, आणि मी, त्या झोपाळ्याची मालकीण, पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

ही गाडी माझी. कागदावर नवऱ्याच्या नावाची असली तरी माझीच. इथल्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा घेतलेली, छोटी, पांढरी, तीन सिलिंडरची. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही असं नाही. पण त्यांना चालवण्यापेक्षा शेजारी बसून सूचना देणं जास्त चांगलं जमतं. "अगं, गिअर. अगं, म्हैस." म्हैस मला दिसत नाही अशी त्यांची समजूत आहे. या गाडीतून मी शाळेत गेले, मंडईत गेले, गावाकडून येणाऱ्या झाडून सगळ्या पाहुण्यांना आणायला गेले. आमच्याकडे येणारं माणूस स्टेशनवरून एकटं रिक्षाने आलं, असं आजवर झालेलं नाही. ते मी होऊ दिलेलं नाही.

नवरा निवृत्त झाले आणि घरात पुण्याचा विषय सुरू झाला. तसा तो आधीपासून होताच. लग्न होऊन मी या शहरात पाऊल ठेवलं तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले आहे, की इथल्या डाळीला गूळ माहीत नाही, इथे जाडे पोहे मिळत नाहीत, इथला उन्हाळा माणसांसाठी नाही, आणि रिटायर झालो की त्याच आठवड्यात पुणं. आता आमचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने त्याच्याच सोसायटीत आमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवला. गंमत अशी की आम्ही दोघं सांगली-साताऱ्याची मराठी माणसं लखनौत, आणि लखनौत वाढलेला आमचा मुलगा पुण्यात राहून आमच्याशी हिंदीत बोलतो. मराठी कळते सगळी, पण उत्तर हिंदीत. "आई, आ जाओ यार. वहाँ अकेले क्या करोगे दोनों?"

मला जायचं नव्हतं. का, ते स्पष्टच सांगते. पुण्यात मी कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू होऊन त्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत बसणार. इथे मी मी आहे. अलीगंजच्या बाजारातले अर्धे दुकानदार माझ्या हाताखाली त्रैराशिक शिकलेले आहेत, आणि अजून मी दुकानात शिरले की काऊंटरवरचे पाय खाली घेतात. हे सुख सोडून जायला मी वेडी नाही.

एका रविवारी फोन स्पीकरवर होता आणि बापलेक दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले होते. मी चिडून म्हणाले, "ही गाडी चालतेय तोवर मी इथून हलणार नाही. गाडी बंद पडली की बांधा सामान." तिकडून मुलगा लगेच म्हणाला, "पक्का? डील?" नवरा म्हणाले, "करार म्हणजे करार." मी म्हटलं, झालाच करार. गाडी दणकट होती. मला वाटलं होतं, आधी मी जाईन, मग ती.

गाडी आधी गेली. भर उन्हाळ्यात चिनहटहून येताना फैजाबाद रोडवर काटा लाल रेषेवर चढला, बॉनेटमधून वाफ आली, आतून कुणी मुसळ घालावं तसा खणखणाट झाला आणि ती थांबली. दोरी बांधून तिला घरी आणली. आमचे उस्ताद आले. उस्ताद म्हणजे आमच्या गाडीचे जुने मिस्त्री. अंगात कायम पांढरा कुर्ता. त्यावर डाग पडलेला मी कधी पाहिला नाही, कारण ते हात लावतच नाहीत, फक्त बोलतात. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं, तेलाची काडी काढून वास घेतला आणि कुणाच्या घरी समाचाराला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "भाभीजी, इंजन बैठ गया. अब इन्हें तकलीफ़ मत दीजिए."

मी मुकाट्याने आत गेले. करार माझ्याच तोंडचा होता, बोलणार कुणाला? मुलाला कळवलं. त्याने दसऱ्याच्या सुट्टीचं विमानाचं तिकीट काढलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सामान बांधायला माणसं येतील असं ठरवूनही टाकलं. पावसाळा सरत आला तेव्हा मला वाटलं, नवरा आता भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसतील. ते बसले खरे, पण पोर्चमध्ये, पाने आणि स्क्रूड्रायव्हर मांडून.

"हे काय?" मी विचारलं.

"इंजिन काढतोय."

"कशाला?"

"बंद गाडी कोण घेणार? दुसरं इंजिन बसवलं तर विकली तरी जाईल." माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "शिवाय मला बघायचं आहे, आतून कसं असतं ते."

मला संताप आला. म्हणजे माझी गाडी नीट करायची ती विकण्यासाठी! मी म्हटलं, बघा, हवं तेवढं बघा. दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी विचारला, कारण काळ्या हातांनी ते स्वयंपाकघरात येऊन स्वतः करायला लागले होते.

आणि मग त्यांचं ते प्रयोगशाळेतलं काम सुरू झालं. एक नट काढला की एक चिठ्ठी. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी, पट्टीवर बारीक अक्षरात तिचं गाव-पत्ता. माझे फराळाचे डबे एकेक करून पोर्चमध्ये गेले. चकलीच्या डब्यात रेडिएटरचे बोल्ट, शंकरपाळ्यांच्या डब्यात सायलेन्सरकडचे. मी ओरडले तर म्हणतात, "अगं, दिवाळी पुण्यात आहे ना, तिथे नवे घेऊ." मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा क्या कर रहे हैं?" मी सांगायचे, "गाडीचं पोट फाडून बसलेत." तो म्हणायचा, "बोलो छोड़ो ये सब, कबाड़ में दे दो."

इंजिन बाहेर उचलायची वेळ आली तेव्हा उस्तादांनी साखळीची कप्पी आणली, आणि तिघांचीही नजर एकदमच वर गेली. झोपाळ्याच्या कड्यांकडे.

"नाही," मी म्हणाले.

"हिशोब केलेला आहे," नवरा म्हणाले.

झोपाळा उतरला. गाडी ढकलत कड्यांखाली आणली. स्टीअरिंगवर मीच, कारण माझ्या गाडीचं स्टीअरिंग मी दुसऱ्याला देत नाही, आत इंजिन असो वा नसो. उस्ताद खुर्चीवर बसून "आहिस्ता, डॉक्टर साहब, आहिस्ता, बारात विदा हो रही है" असं म्हणत होते. साखळी कटकट वाजत होती. सगळं सुटलं होतं आणि तरी इंजिन हलेना. हत्ती गेला, शेपूट राहिलं, तसा खाली एक बोल्ट राहिला होता. तो निघाला आणि ते काळं, तेलकट धूड हळूच वर आलं, जरा गरगरलं आणि झोपाळ्याच्या जागी लटकत राहिलं. नवऱ्याच्या तोंडावर असा आनंद मी मुलगा झाला तेव्हा पाहिला होता. मलाही हसू येत होतं, पण मी ते दाखवलं नाही. मी अजून रागावलेली होते.

दुसरं इंजिन उस्तादांनी आलमबागहून मिळवलं. मागून ठोकलेल्या कुठल्याशा गाडीतलं. "भाभीजी, मक्खन है, मक्खन. किसी बुज़ुर्ग की गाड़ी थी, तीसरे गियर से ऊपर गई ही नहीं." ते पोर्चमध्ये येऊन पडलं तो नवरात्राचा शेवट. बसवायचं काम उरलं होतं आणि मुलगा दसऱ्याच्या संध्याकाळी पोचणार होता.

मध्ये आली खंडेनवमी. माझ्या माहेरी त्या दिवशी अवजारांची पूजा असते, आणि पूजेला बसलेल्या अवजाराला दिवसभर हात लावायचा नाही. आमच्याकडे दरवर्षी पाटावर माझी कात्री, विळी, गाडीची किल्ली आणि त्यांचा एक स्क्रूड्रायव्हर असतो, आणि दरवर्षी नवरा दारात उभे राहून म्हणतात, "लोखंडाला काय कळतंय?" देवधर्माच्या बाबतीत ते पक्के कोरडे. यंदा तर वेळ इतकी थोडी होती, की मला वाटलं ते पाना सोडणारच नाहीत. मनातून मी म्हणत होते, नका सोडू, काम उरका. पण तोंडाने कशी म्हणणार?

तर हे सकाळी आंघोळ करून स्वतः पाने पुसून पाटावर मांडून मोकळे! मी बघतच राहिले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. तेवढ्यात ते जरा घसा खाकरून म्हणाले, "त्या इंजिनालाही वाहा की."

"इंजिनाला?"

"म्हणजे, तुझं शास्त्र आहे ना. मग अर्धवट कशाला."

दोन पाट जोडून त्यावर ते दुसरं इंजिन बसवलेलं होतं. त्याच्या भोकांमध्ये तेलकट चिंध्या कोंबलेल्या. पूजेत असल्या चिंध्या कशा चालतील? मी त्या उपसून काढल्या. कुंकू लावलं, हार घातला. अक्षतांची वाटी त्यांच्यापुढे धरली. आणि या माणसाने, ज्याने स्वतःच्या मुंजीतही म्हणे भटजींशी वाद घातला होता, मूठभर अक्षता घेतल्या आणि दोन पावलं मागे सरून लग्नात मांडवाच्या कडेने टाकतात तशा झोकात इंजिनावर उधळल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उस्ताद आले, साखळी लावली, आणि नवऱ्याने सहज बॅटरी घेऊन इंजिनाच्या भोकात उजेड पाडला. मग ते खाली बसले.

"अगं, आत तांदूळ आहेत."

हवा आत जाते त्या भोकांतून आत, झडपेच्या पाठीवर, कुंकवाने लाल झालेल्या अक्षता व्यवस्थित बसलेल्या होत्या.

"किती होत्या वाटीत?" त्यांनी मला विचारलं.

"अक्षता कुणी मोजून घेतं का?"

"आत जास्त गेल्या तर झडपा बसणार नाहीत. झडपा बसल्या नाहीत तर सुरूच होणार नाही." त्यांचा आवाज बदलला होता. कपाळावर घाम. मला हसायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून मी हसू आवरलं. विकायची गाडी दोन दिवस उशिरा सुरू झाली तर काय बिघडलं? इतकं घाबरायचं कारण काय?

उस्तादांनी मात्र आत डोकावून भक्तिभावाने मान हलवली. "डॉक्टर साहब, अब सिर्फ़ दूध डालना बाकी है. साइलेंसर से खीर निकलेगी."

मग दिवाळीच्या सफाईचा व्हॅक्यूम क्लीनर आला. त्याच्या तोंडाला एक पातळ नळी चिकटपट्टीने बांधली. मी बॅटरी धरली, नवऱ्याने नळी आत घातली, आणि एकेक अक्षत टिक, टिक करत वर येऊ लागली. हाताने इंजिनाचं चाक फिरवून झडपा उघडायच्या, पुन्हा नळी. उस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा कुर्त्याच्या बाह्या दुमडल्या. शेवटी नळीतून नुसती हवा यायला लागली. "आता जे असेल ते असेल," नवरा म्हणाले, आणि इंजिन वर चढलं.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. श्रीखंड फ्रीजमध्येच राहिलं. डब्यांतून बोल्ट बाहेर येत होते, चिठ्ठ्या एकेक गळत होत्या. मी वायरींचे पत्ते वाचून दाखवत होते आणि त्यांची भावंडं शोधून देत होते. राग कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही. दुपार कलली तेव्हा पाणी भरलं, तेल भरलं, आणि नवरा म्हणाले, "बस आत."

किल्ली फिरवली. नुसतं कुरकुर. पुन्हा फिरवली. एक खोकला. नवरा बॉनेटपाशी डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की हिशोब करत होते, मी अजून विचारलेलं नाही. तिसऱ्यांदा ती खोकली, थरथरली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि ती सुरू झाली. माझीच गाडी, जरा वेगळ्या आवाजात. उस्ताद टाळ्या वाजवत म्हणाले, "मुबारक हो! बेटी हुई है!"

मुलाने निरोप पाठवला होता, मेट्रो से आ जाऊँगा. मी उत्तरच दिलं नाही. हात धुतले आणि तशीच गाडी काढली. शेजारी नवरा. वाटेत जागोजागी रावण उभे होते, जळायची वाट बघत. विमानतळावर मुलगा बाहेर आला, गाडी बघितली आणि बॅग हातातच धरून थांबला.

"ये तो बंद थी ना?"

"होती," नवरा म्हणाले. "बस."

आलमबागपर्यंत मागच्या सीटवर त्याने इंजिनाची सगळी हकीकत ऐकली. मग म्हणाला, "देखो बाबा, इंजन ही बदल दिया तो ये वो गाड़ी कहाँ रही? डील उस गाड़ी की थी. वो तो मर गई."

मी म्हटलं, आता हे म्हणतील, बरोबर आहे. पण नवरा चक्क वळून बसले. "तुझ्या आजीचे दोन्ही गुडघे बदलले होते. म्हणून आजी दुसरी झाली होती का रे? चालत होती ना? मग! गाडी चालतेय तोवर, असा करार आहे. गाडी चालतेय."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मेट्रोच्या खांबाला लागून मी गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

"तुम्हाला पुण्याला जायचं नव्हतं?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून काळं तेल होतं. "मला वरणात गूळ हवा होता. पुणं हवंय असं कुठे म्हटलं?"

"जन्मभर म्हणताय!"

"ते म्हणायचं असतं," ते म्हणाले. "आपण बाहेर राहतो ना. म्हणायचं असतं."

मला रडूच आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, या शहराला मी एकटीच चिकटून बसले आहे आणि हा माणूस माझ्यासाठी इथे सजा भोगतोय. मी पदराने डोळे पुसत होते, आणि मागून मुलगा बोलला. हिंदीत नाही.

"मला वाटलं होतं, तुम्ही याल."

एवढंच. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभा राहून जसं बोलला होता, तसं. मी आरशात पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता. मी जिंकले होते, आणि मला काहीच गोड लागत नव्हतं. मी गिअर टाकला आणि घरी आले.

घरी आल्यावर नवऱ्याने भिंतीशी ठेवलेली झोपाळ्याची फळी उचलली. दुसरी बाजू मुलाने न सांगता धरली. कड्या पुसून बापलेकांनी झोपाळा टांगला, आणि आम्ही श्रीखंडाच्या वाट्या घेऊन त्यावर बसलो. तो लहानपणी बसायचा तसा मध्ये. आता त्याची रुंदी वाढलेली, आमचीही. कड्या करकरल्या.

"टूटेगा," तो म्हणाला.

"इंजिन पेललंय त्यांनी," नवरा म्हणाले. "आणि आम्ही येऊ की पुण्याला. थंडीत येऊ, महिना महिना राहू. पण मग परत यायचं."

त्याने चमचा वाटीत फिरवला. श्रीखंड संपवलं, वाटी खाली ठेवली, आणि खिशातून फोन काढून सामानवाल्यांना लावला. "भैया, कल मत आइए. नहीं, नहीं, आगे भी नहीं. मेरे मम्मी-पापा यहीं रहेंगे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने फोन खिशात टाकला, पाय जमिनीला टेकवले आणि जोरात झोका दिला.